बेने इस्रायलींचा दुहेरी वारसा

एखादे कुटुंब देशांतर करते तेव्हा कोणत्या परंपरा न्याव्यात आणि कोणत्या सोडाव्यात, याचा निर्णय सामान बांधताना होत नाही. तो पुढील दोन-तीन पिढ्यांच्या स्वयंपाकघरात आणि लग्नघरात होत असतो. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली समाजाकडे पाहिले म्हणजे याची प्रचीती येते.

आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. कोकणात त्यांनी मराठी आपलीशी केली, तेलाचे घाणे चालविले आणि गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे घेतली. मात्र शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. धर्मपीठापासून दूर राहूनही विश्रांतीचा वार, सुंता आणि आहाराचे नियम यांच्या आधारे त्यांनी आपली ओळख राखली. ती राखली घराघरांनी.

१९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यावर यांतील बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने तिकडे गेली आणि दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत स्थिरावली. तेथे मात्र विलक्षण उलटापालट झाली. कोकणात जो शनिवार त्यांच्या वेगळेपणाची खूण होता, तो तेथे साऱ्या देशाच्याच विश्रांतीचा वार होता. आता त्यांना वेगळे ठरविले ते कोकणाने : मराठी बोलीने, लग्नाआधीच्या मेंदीने आणि प्रेषित एलियाहूच्या स्मरणार्थ पोहे, नारळ व फळे मांडून होणाऱ्या मलिद्याने. इतकेच नव्हे, तर १९६२ साली तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश दिला. ज्यांनी शतकानुशतके एकाकीपणे धर्म सांभाळला, त्यांच्याकडेच पुरावा मागण्यात आला! समाजाने याविरुद्ध नेटाने चळवळ केली आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांचे समान स्थान निःसंदिग्धपणे मान्य केले.

बाहेरचा हा लढा जिंकला गेला. घरातला अधिक अवघड आहे. तेथे जन्मलेल्या पिढ्या हिब्रूत शिकल्या. 'मायबोली'सारखे मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघाले, हे कौतुकास्पदच. परंतु आजीचे मराठी नातवंडांना पुरते उमगत नाही. यात त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पोटापाण्यासाठी आणि मानाने जगण्यासाठी नव्या देशाची भाषा आत्मसात करावीच लागते.

तरीही एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मलिदा कसा करावा हे नातीला आजीच्या हाताकडे पाहून शिकता येते. तो का करावा, हे मात्र शब्दांनीच सांगावे लागते. ते शब्द हरपले म्हणजे विधीचा केवळ खाद्यपदार्थ उरतो. तेव्हा वडीलधाऱ्यांचे खरे कर्तव्य नवगावची, बंद घाण्याची आणि १९६२ च्या अवमानाची हकीकत घरात सांगत राहण्याचे आहे. ती हिब्रूत सांगितली तरी चालेल. न सांगून मात्र चालणार नाही.