जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१२-१३च्या सुमारास घेतलेला, पडदा आणि कीबोर्ड अजून ठणठणीत असलेला आय-थ्री लॅपटॉप कंपनीच्या लेखी बाद झाला. भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी त्याला लिनक्सची संधी द्यायलाच हवी.

अडचण होते ती निवड करताना. लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधलेल्या आवृत्त्या, शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकीचे चाहते आपलीच सर्वांत हलकी असं ठासून सांगतात. खरं तर लायनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सगळीकडे तोच असतो. मुख्य फरक पडतो तो डेस्कटॉपमुळे. ग्नोम देखणा, पण रॅम जास्त घेतो. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी कमी रॅममध्ये भागवतात. त्यामुळे डिस्ट्रोची नावं पाहण्याआधी आपल्या मशीनमध्ये रॅम किती आणि प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, हे पाहावं.

चार जीबी रॅम असेल तर फार शोधाशोध करू नये. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. विंडोजची सवय असलेल्याला खालची पट्टी, मेनू, फाइलींची खिडकी, सगळं ओळखीचं वाटतं. दोन जीबी असेल तर लुबुंटू वापरून पाहावं. त्याहून कमी रॅमसाठी अँटीएक्स आहे. ते ५१२ एमबीवरही उभं राहतं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३मध्ये सुरू केलेलं पपी लिनक्स तर पेनड्राइव्हवरून सुरू होऊन थेट रॅममध्ये चालतं.

मात्र सिस्टिम कितीही हलकी असली तरी ब्राउझर हलका होत नाही. यूट्यूब, जीमेल आणि बँकेचं पान एकदम उघडलं की दोन जीबी रॅम बघता बघता भरते. म्हणूनच जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं आणि जमल्यास रॅम वाढवणं, यांचा फायदा डिस्ट्रो बदलण्यापेक्षा अनेकदा जास्त होतो.

काहीही पुसण्याआधी पेनड्राइव्हवर लाइव्ह आवृत्ती तयार करावी. लॅपटॉप चालू होताना एफ१२ किंवा कंपनीने ठरवलेली दुसरी कळ दाबून पेनड्राइव्ह निवडला की हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू होतं. तेवढ्यात वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासून घ्यावेत; ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय चिप्सना वेगळा ड्रायव्हर लागतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो. पण घरात टॅलीवर हिशेब किंवा पेजमेकरवर डीटीपी चालत असेल, तर थांबावं. ती सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत आणि लिनक्सवर ती सुरळीत चालतीलच असा भरवसा धरू नये.

३२ बिटच्या मशीनवाल्यांसाठी वाट अरुंद होत चालली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोने अशा मशीनसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, आणि लिनक्सवरचं ३२ बिट क्रोम तर २०१६मध्येच थांबलं. अशा संगणकावर अँटीएक्स २३ टाकून त्याला लेखन, गाणी आणि जुने फोटो पाहण्यापुरतं ठेवणं योग्य. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.