हजार वॅटचा ॲम्प्लिफायर प्रत्यक्षात किती वॅटचा?

चेन्नईत मोटारीसाठी संगीतयंत्रणा घ्यावयाची झाल्यास ग्राहकाची पावले बहुधा अण्णा सलईलगतच्या जनरल पॅटर्स रोडकडे वळतात. मोटारींच्या साजसामानाची दुकाने येथे ओळीने आहेत. जवळचा रिची स्ट्रीट हा देशातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या मोठ्या बाजारांपैकी एक गणला जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरलेल्या मराठी ग्राहकाला येथील एक गोष्ट लगेच ओळखीची वाटेल, ती म्हणजे खोक्यांवर ठळक अक्षरांत छापलेले वॅटचे आकडे. कोणी ६०० वॅटचा दावा करतो, कोणी १००० वॅटचा, तर कोणी २००० वॅटचा. हे आकडे खरे असतात का, आणि ते तपासावयाचे कसे, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. चुकीच्या आकड्यावर विसंबल्यास पैसे वाया जातात, स्पीकर जळतात आणि प्रसंगी मोटारीतील तारांना आग लागण्याचा धोकाही संभवतो.

आकडा एक, अर्थ अनेक

वॅट हे शक्तीचे एकक आहे. मात्र ॲम्प्लिफायरची शक्ती किती, याचे उत्तर मोजमापाच्या अटींवर अवलंबून असते. जी शक्ती ॲम्प्लिफायर आवाज न फाटता सतत देऊ शकतो, तिला व्यवहारात ‘आरएमएस’ शक्ती म्हणतात. ‘मॅक्सिमम’ किंवा ‘पीक’ शक्ती म्हणजे क्षणभर गाठलेले टोक. शुद्ध सूर वाजत असताना हे टोक सरासरी शक्तीच्या नेमके दुप्पट असते, म्हणजे केवळ शब्द बदलून १०० वॅटचे २०० वॅट करता येतात. ‘पीएमपीओ’ या नावाने छापल्या जाणाऱ्या आकड्याला तर सर्वमान्य मोजमापपद्धतच नाही. एकेकाळी घरगुती टेपरेकॉर्डर आणि संगणकाच्या छोट्या स्पीकरवरही याच नावाखाली हजारो वॅट छापले जात. त्या आकड्यांचा प्रत्यक्ष आवाजाशी फारसा संबंध नसे.

मूळ मर्यादा बॅटरीची

ॲम्प्लिफायर शक्ती निर्माण करीत नाही. बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्याकडून मिळालेल्या विजेला तो संगीताचा आकार देतो. इंजिन चालू असताना मोटारीतील विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. डॅशबोर्डमधील संगीतसंचावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे लिहिलेले अनेकांनी पाहिले असेल. हा आकडा कोठून येतो, ते साध्या गणिताने समजते. शक्ती काढण्यासाठी व्होल्टेजचा वर्ग करून त्यास स्पीकरच्या ओहमने भागावयाचे असते. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम म्हणजे सुमारे ५२ वॅट. परंतु ही शक्ती मिळण्यासाठी संचाला पूर्ण दाब अखंड स्पीकरवर लादावा लागेल, आणि तसे झाल्यास ऐकू येईल ते संगीत नसून कर्कश घरघर असेल. शुद्ध सुरासाठी हीच कमाल मर्यादा निम्म्यावर, म्हणजे २६ वॅटवर येते. आतील भागांत होणारी घट वजा जाता हाती साधारण १८ ते २२ वॅट उरतात.

डिकीत बसविल्या जाणाऱ्या स्वतंत्र ॲम्प्लिफायरमध्ये हा दाब वाढविणारे मंडल असते, त्यामुळे तो अधिक शक्ती देऊ शकतो. मात्र बाहेर जितकी शक्ती हवी, त्याहून अधिक शक्ती बॅटरीकडून घ्यावी लागते, हा नियम त्यालाही चुकत नाही.

फ्यूज काय सांगतो?

ग्राहकाला दुकानातच करता येण्याजोगी पहिली तपासणी फ्यूजची आहे. समजा, चार स्पीकरसाठीच्या एका ॲम्प्लिफायरवर १००० वॅट छापलेले आहेत आणि त्याला ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट. यापेक्षा अधिक वीज तो दीर्घकाळ घेऊच शकत नाही. ‘क्लास एबी’ प्रकारच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता पूर्ण शक्तीवर साधारण ६० टक्के असते, उर्वरित वीज उष्णतेत जाते. म्हणजे चारही स्पीकरना मिळून सुमारे २६० वॅट. ‘क्लास डी’ प्रकारात कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास असते, तेथे हा आकडा ३४५ वॅटपर्यंत जाईल. फ्यूज क्षणिक अधिक प्रवाह सहन करतो, त्यामुळे हा अंदाजच आहे. परंतु ३०० आणि १००० यांतील तफावत त्यातून स्पष्ट होते.

उलट बाजूने पाहिल्यास, खरोखरच सतत १००० वॅट देण्यासाठी क्लास एबी ॲम्प्लिफायरला सुमारे ११६ अँपिअर प्रवाह लागेल. लहान मोटारींचे अल्टरनेटर सामान्यतः ६० ते ९० अँपिअरचे असतात आणि त्यांतूनच दिवे, पंखे व इंजिनाची उपकरणेही चालतात.

मोजमापाची रीत

अचूक मोजमापासाठी स्पीकर वापरीत नाहीत. चार ओहमच्या स्पीकरचा विद्युतविरोध प्रत्येक सुराबरोबर बदलतो आणि पूर्ण शक्तीवर तो जळण्याचीही भीती असते. त्याऐवजी ४ ओहमचा, उष्णता सहन करणारा रेझिस्टर जोडतात. ॲम्प्लिफायरला १४.४ व्होल्टचा स्थिर पुरवठा दिला जातो. ठरावीक कंपनसंख्येचा शुद्ध सूर देऊन आवाज हळूहळू वाढवितात आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तरंगाचा माथा पाहतात. हा गोल माथा सपाट होऊ लागला, की ॲम्प्लिफायरची मर्यादा आली असे समजतात. त्या क्षणाचे व्होल्टेज नोंदवून शक्ती काढली जाते.

वरील उदाहरणातील ॲम्प्लिफायरचा माथा १५.५ व्होल्टवर सपाट होऊ लागला असे मानू. १५.५ चा वर्ग सुमारे २४०. त्यास ४ ने भागल्यास प्रत्येक बाजूस ६० वॅट आणि चारही मिळून २४० वॅट. फ्यूजवरून बांधलेल्या अंदाजाशी हे जुळते. येथे चारही बाजू एकाच वेळी चालविणे आवश्यक आहे. एकच बाजू चालवून आलेल्या आकड्याला चाराने गुणणे ही फसगतीची जुनी युक्ती आहे.

ऑसिलोस्कोप नसलेले कारागीर मल्टिमीटरने अंदाज घेतात. अनेक स्वस्त मल्टिमीटर केवळ घरगुती विजेच्या कंपनसंख्येजवळच अचूक असतात, म्हणून अशा वेळी ५० हर्ट्झचा सूर वापरणे इष्ट. मात्र तरंग फाटला की नाही, हे मल्टिमीटर सांगू शकत नाही.

मानके आणि कायदा

अमेरिकेत घरगुती ॲम्प्लिफायरच्या अतिरंजित दाव्यांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला. मोटारीतील ॲम्प्लिफायर त्याच्या कक्षेत नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी तेथील उद्योगसंघटनेने २००३ मध्ये ‘सीईए-२००६’ हे ऐच्छिक मानक प्रसिद्ध केले. संघटनेचे नाव २०१५ मध्ये बदलल्यानंतर ते ‘सीटीए-२००६’ या नावाने ओळखले जाते. १४.४ व्होल्टचा पुरवठा, ४ ओहमचा भार आणि एक टक्क्याहून अधिक नसलेली ध्वनिविकृती, या त्याच्या मुख्य अटी आहेत. खोक्यावर या मानकाचा उल्लेख असेल, तर दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करता येते.

भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे. त्यानुसार स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

उष्णता, तारा आणि स्पीकर

प्रयोगशाळेतील आकडा आणि मोटारीतील आकडा यांतही अंतर पडते. चेन्नईत ३१ मे २००३ रोजी तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले होते. अशा शहरात उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या बंद डिकीत त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. तापलेला ॲम्प्लिफायर स्वतःच्या बचावासाठी शक्ती कमी करतो किंवा बंद पडतो. इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टवर येतो आणि अनेक ॲम्प्लिफायरची शक्ती त्यामुळे जवळजवळ एक चतुर्थांशाने घटते. तारेची जाडीही महत्त्वाची आहे. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या तारेतून ६० अँपिअर प्रवाह गेल्यास दोन व्होल्टहून अधिक दाब तारेतच खर्ची पडतो आणि तार धोकादायकरीत्या तापते. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट सुमारे एक तृतीयांश व्होल्ट इतकीच राहते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी मोठा फ्यूज घालणे हे आगीला निमंत्रण होय, कारण फ्यूज तारेच्या रक्षणासाठीच असतो.

स्पीकर जळण्याचे कारणही पुष्कळदा याच फुगविलेल्या आकड्यांत असते. हजार वॅट आहेत या समजुतीने आवाज वाढवीत नेला जातो, २४० वॅटनंतर तरंगाचा माथा सपाट होतो, आणि अशा फाटलेल्या तरंगातील तीव्र कंपने प्रथम नाजूक ट्वीटरला जाळतात.

वॅट म्हणजे आवाज नव्हे

वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. शक्ती दुप्पट झाल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. याउलट ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडल्यास तोच लाभ ॲम्प्लिफायर न बदलता मिळतो.

खरेदीच्या वेळी म्हणूनच चार प्रश्न विचारावेत. प्रत्येक बाजूस आरएमएस वॅट किती? ते किती ओहमवर आणि किती व्होल्टवर? ध्वनिविकृती किती टक्के? फ्यूज किती अँपिअरचा? ज्या उत्पादनाच्या माहितीपत्रकात ही उत्तरे आहेत, त्याचा १०० वॅटचा दावा उत्तरे नसलेल्या हजार वॅटपेक्षा अधिक विश्वासार्ह मानावा. फसवणूक झाल्यास ग्राहकांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.