आईने कॅलेंडरवर केलेल्या खुणा: घरातलं कुत्रं, पहिल्या लसीपासून शेवटच्या दिवसापर्यंत

भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं खाली लिहून दिलंय. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज ॲप, नोकरी, इंटरव्ह्यू यातलं काहीच नाही. आज कुत्र्यांबद्दल बोलायचंय. झालं असं, की गेल्या महिन्यात लोणी देवकरला आमच्या घरी नवीन पिल्लू आलं. ताईच्या पोराने बांधावरून उचलून आणलं, शर्टात गुंडाळून. आईचा मला पुण्यात फोन: "आरं, ह्याला सुया किती द्यायच्या असत्यात? मागल्या बारीला एकच दिली व्हती."

मागल्या बारीला म्हणजे 2009. मी तेव्हा सहावीत होतो आणि मोत्या आमच्याकडे आला तेव्हा दीड महिन्याचा होता. तात्यांनी त्याला पिशवीत घालून मोटारसायकलवर इंदापूरला नेलं आणि लस देऊन आणली. आमच्या गल्लीत कुत्र्याला लस देणारं पहिलं घर आमचं, त्यामुळे मी शाळेत जरा भाव खाऊन घेतला. तीन आठवड्यांनी मोत्याने दूध-भाकरी सोडली. आधी उलट्या, मग रक्ताची हगवण. तो वास ज्याने एकदा घेतलाय त्याला विसरता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात थंडगार पडलेला सापडला. गावाने कारणं दिली: लस खोटी निघाली, नजर लागली, चिमणीच्या पिल्लाला तोंड लावलं. मी बरीच वर्षं "लस खोटी" हेच धरून बसलो होतो.

लस खोटी नव्हती. एकच होती, हा घोटाळा होता.

नीट सांगतो, कारण आजही बहुतेक घरांत इथेच चूक होते. मोत्याला झाला तो पार्व्हो. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. शरीरात ज्या पेशी भराभर वाढत असतात त्यांच्यावर तो हल्ला करतो, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज. अस्तर गेलं की खाल्लेलं पचत नाही, पाणी टिकत नाही. मगजावर हल्ला झाला की लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडतात. विषाणूला थेट मारणारं साधं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तगवायचं, तोवर त्याचं शरीर लढतं. म्हणून उलटी-हगवण दिसली की "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता लस एकच का पुरत नाही? गाय व्याली की वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजायची आपल्याकडे किती घाई असते, आठवा. कुत्रीच्या पिल्लांचंही तेच. चिकातून आईची तयार प्रतिपिंडं पिल्लाला मिळतात आणि पहिले काही आठवडे तीच त्याला सांभाळतात. पण लसीत असतो तो अशक्त केलेला जिवंत विषाणूच. आईची प्रतिपिंडं त्यालाही शत्रू समजून मारून टाकतात. कॉम्प्युटरवर जुना अँटिव्हायरस असताना नवा टाकायला गेलात तर जुना त्याच्या फाईललाच व्हायरस समजून उडवतो ना, तसं. लस गेली अंगात, पण शरीर काही शिकलंच नाही.

आईची ही शिदोरी हळूहळू संपते. कुणाची आठव्या आठवड्यात, कुणाची बाराव्या, कुणाची त्याहून उशिरा. एकाच वेतातल्या पिल्लांमध्येही फरक पडतो, कारण कुणी चीक जास्त पितं, कुणी कमी. सगळ्यात वाईट काळ मधला: प्रतिपिंडं रोगाला अडवायला अपुरी, पण लसीला हाणून पाडायला पुरेशी. मोत्या बहुतेक त्याच फटीत सापडला. ही फट नेमकी कधी बंद होईल हे बाहेरून दिसत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची, आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. मधल्या डोसमुळे "वाढ" होते असं नाही. त्यातला एक तरी योग्य वेळी बसावा, एवढाच हिशोब. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा एक. तोवर पिल्लाला उकिरड्यावर, चौकात, दुसऱ्या कुत्र्यांच्या हगण्यावर हुंगायला सोडू नका.

आणि हो, मातीचं. पार्व्हो जमिनीत कित्येक महिने टिकतो, साध्या फिनेलला तो दाद देत नाही. फरशी असेल तर लिक्विड ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग करून दहा मिनिटं भिजू द्यायचं. गोठ्याच्या मातीचं काय करणार? तिथे एकच उपाय, थांबायचं, आणि पुढचं पिल्लू लसी पूर्ण झालेलंच त्या जागी न्यायचं. आम्ही थांबलो ते शहाणपणाने नाही. आजी म्हणाली, "आता नगं बाबा कुत्रं," म्हणून दोन वर्षं गेली.

2011 ला चिंगी आली. काळी-तांबडी, गावठी, पाय मात्र लांब, त्यामुळे तात्या पाहुण्यांना "पश्मीचं रगत हाय" असं ठोकून द्यायचे. चिंगी तेरा वर्षं जगली. तेवढ्यात काय काय शिकलो ते सगळं सांगत बसलो तर तीन भाग होतील. म्हणून मोजकं.

एक म्हणजे द्राक्षं. आपल्या इंदापूर-बारामती पट्ट्यात बागा आहेत, माल निघाला की घरात क्रेट येतात आणि पोरं कुत्र्यासमोर मणी उडवतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात, आणि किती मण्यांनी हे प्रत्येक कुत्र्याचं वेगळं. कांदा-लसूण रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवला तरी. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला ठेवतात, आमची आजीही ठेवायची. आता आई कांदा बाजूला काढून नुसता रोडगा देते. देवाची काही तक्रार आलेली नाही. आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका, आणि म्हशीसाठी आणलेलं गोचीडनाशक अंदाजपंचे फासू नका. पण गोचीड काढाच, कारण ती ताप देते. कुत्रं गप्प बसलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर गोचीडतापाची रक्ततपासणी करायला सांगा. वेळेत कळला तर बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो.

दुसरं पाचटाचं. चिंगी 2013 ला उसाच्या फडात व्याली. तोड झाली होती आणि तात्या दुसऱ्या दिवशी पाचट पेटवणार होते. ती भाकरी तोंडात धरून फडाकडे जाताना आईने पाहिली, म्हणून पाच पिल्लं वाचली. पाचट पेटवू नये हे कृषी अधिकारी वेगळ्या कारणासाठी सांगतात. पेटवणारच असाल तर आधी एक फेरी मारा. त्या वेतानंतर तिचं ऑपरेशन करून टाकलं. म्हाताऱ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, तो धोकाही त्याने टळतो.

रेबीजवर मात्र मी घाई करणार नाही. हे नवीन पिल्लू आलं त्याच दिवशी त्याने भाच्याच्या अंगठ्यावर दात लावला, थेंबभर रक्त. आई म्हणाली, "दुधाचं दात, काय व्हतंय." मी फोनवर ओरडलोच. पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, मिरची तर अजिबात नाही. मग सरकारी दवाखाना, तिथे लस फुकट मिळते. कातडीत द्यायची असेल तर पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. कातडी फुटून रक्त आलं असेल तर त्याबरोबर जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन. कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहतंय का ते पाहायचं असतं, पण ते पाहायला थांबून लस पुढे ढकलायची नाही. भाचा रडत रडत गेला, चारही सुया घेतल्या. पिल्लाची रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, आणि पुढे दरवर्षी.

आता ज्यासाठी हा भाग करायला मी इतके दिवस टाळाटाळ केली, त्याकडे येतो.

2024 च्या पावसाळ्यात चिंगी पाणी खूप प्यायला लागली. उन्हाळा सरला तरी दोन दोन भगुणी. ओसरीवर, जागच्या जागी लघवी व्हायची. आम्ही म्हणालो, वय झालं. हे "वय झालं" फसवं आहे. किडनी खराब होत जाते तेव्हा लघवी घट्ट करण्याची ताकद आधी जाते, म्हणून कुत्रं जास्त मुततं आणि ते भरून काढायला जास्त पितं. रक्तातलं क्रिएटिनिन ठळक वाढलेलं दिसतं तेव्हा साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. म्हणून सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासा. आम्ही कधीच तपासली नाही. बारामतीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता आराम देता येईल, बरं करता येणार नाही. घरी आई कातडीखाली सलाईन द्यायला शिकली.

दिवाळीनंतर तिने खाणं सोडलं. डॉक्टरांनी दयामरणाचा विषय काढला आणि घरात दोन तट पडले. तात्या म्हणाले, "म्हातारी बैलं आपण बाजारात इकली न्हाईत, आन हिला सुई दिऊन मारायची?" आजी म्हणाली, तिची तिला जाऊ द्या. मी पुण्यात बसून, रोजचे हाल न बघता, "करून टाका" म्हणत होतो. ते सोपं होतं, मला कळत होतं.

तेव्हा मला एक पट्टी सापडली. ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्यांनी ती 2004 मध्ये मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. पस्तीसच्या वर असेल तर अजून चालवून घेण्यासारखं. मी एक्सेल शीट केलं. आईने ते उघडलंही नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालू केलं: चांगला दिवस गोल, वाईट दिवस फुली. चांगला कशाला म्हणायचं ते तिचं तिने ठरवलं. चिंगी दारात येऊन तात्यांची गाडी ओळखते का, एवढंच. दर रविवारी ती मला त्या पानाचा फोटो पाठवायची. डिसेंबरात सलग सहा फुल्या झाल्या. सातव्या दिवशी डॉक्टरांना फोन तात्यांनीच केला. कुणी काही बोललं नाही.

काय होतं ते सांगतो, कारण ते आधी माहीत असतं तर मी कमी घाबरलो असतो. आधी गुंगीचं इंजेक्शन. मग शिरेतून भुलीचं औषध, पण खूप मोठ्या मात्रेत. काही सेकंदांत शुद्ध जाते, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं किंवा स्नायू उडाल्यासारखं दिसू शकतं, ते दुखणं नसतं. पुरताना खड्डा खोल हवा, विहिरीपासून लांब हवा, कारण औषध शरीरात राहतं आणि दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर त्याला बाधतं. आम्ही चिंचेखाली कंबरभर खोल घेतला. तात्यांनी कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही.

मी ऑफिसात "घरी काम आहे" म्हणून दोन दिवस रजा टाकली होती. कुत्री गेली, असं लिहायची लाज वाटली. केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखावर पुस्तक काढलं, ज्या दुःखाला सुतक नाही, भेटायला येणारं कुणी नाही. रायगडावर वाघ्याचा पुतळा 1936 पासून आहे. तो कुत्रा इतिहास की दंतकथा यावर आपण तावातावाने भांडतो, पण घरातल्या कुत्र्यासाठी रडणाऱ्याला "दुसरं आण की" एवढंच म्हणतो. आई महिनाभर संध्याकाळी एक भाकरी जास्त थापत होती. कुणी तिला टोकलं नाही.

आणि आता हे पिल्लू. ताईच्या पोराने त्याचं नाव रॉकेट ठेवलंय. तात्या त्याला अजून नावाने हाक मारत नाहीत, "ए" म्हणतात. आईने नव्या कॅलेंडरवर तीन गोल केलेत, आठवा आठवडा, बारावा, सोळावा. पहिला झाला. सोळाव्या आठवड्याच्या डोसला मी घरी जाणार आहे. रजेचा अर्ज टाकलाय, कारणाच्या रकान्यात लिहिलंय: कुत्र्याची लस.