गाठीमागचा हिशेब

भाव विचारा, धाग्याची लांबी विचारा, ओलावा विचारा, कचरा किती टक्के ते विचारा. खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंगवाल्याकडे उत्तर तयार असते. पण एका गाठीला वीज किती लागली, जिनात बाया किती, त्यांना मजुरी काय, कापूस कोणत्या गावचा, अशी प्रश्नावली सूतगिरणीकडून आली की तो गडबडतो. आजवर रुई घेणाऱ्याने रुईपुरतेच विचारले होते.

ही चौकशी वरून झिरपत आली आहे. सेबीने 2021 मध्ये ‘बीआरएसआर’ नावाचा अहवाल आणला आणि 2022-23 पासून तो शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना सक्तीचा केला. नफ्यातोट्याच्या जोडीने ऊर्जा, पाणी, कचरा आणि कामगार यांचा हिशेब त्यात मांडावा लागतो. खामगावात साबणाचा कारखाना चालवणारी हिंदुस्थान युनिलिव्हर अशा कंपन्यांपैकीच एक. पुढे सेबीने मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांकडेही बोट दाखवले. पण कंपनीच्या एकूण खरेदीत वा विक्रीत ज्याचा वाटा निदान दोन टक्के आहे, त्याच्यापुरतेच. म्हणजे आपला जिनिंगवाला या नियमात बहुधा बसतच नाही. तरी प्रश्नावली येतेच, कारण गिरणीला कापडवाला विचारतो, कापडवाल्याला परदेशातला ब्रँड, आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला आपला जिन असतो.

वऱ्हाडाला हे तसे नवे नाही. अमेरिकेतल्या यादवीने कापूस तुटला तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी रिव्हेट-कारनॅक हे कापूस आयुक्त नेमले गेले, त्यांनी इथल्या कापसावर अहवाल लिहिले, आणि 1870 मध्ये जलंबहून खामगावला खास कापसासाठी रेल्वेचा फाटा आला. विचारणारा तेव्हाही लांबचाच होता.

आता जिनने द्यायच्या अहवालाकडे येऊ. सल्लागार बोलावण्याआधी दिवाणजीचा खण उघडावा. निम्मा अहवाल तिथेच पडलेला असतो. महावितरणचे बिल घ्या. समजा, हंगामात जिनने 10,000 गाठी बांधल्या आणि पाच लाख युनिट वीज जाळली. एका गाठीला 50 युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे गाठीमागे सुमारे 35 किलो. जनरेटरच्या डिझेलला लिटरमागे 2.7 किलोच्या आसपास धरा, पंपाच्या पावत्या जोडा. झाला कर्बाचा रकाना. शेजारच्या जिनला त्याच गाठीला 40 युनिट लागत असतील तर दोष मोटारीत आहे की रोलरमध्ये, हे शोधायला हाच आकडा उपयोगी पडतो. अहवाल कोणी मागितला नाही तरी हा हिशेब करावा असे मला वाटते, कारण त्यातून लाइट बिल कमी होते. केंद्राच्या ‘झेड’ प्रमाणपत्रासाठीही अशाच नोंदी लागतात, आणि त्याच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के, लघुउद्योगाला 60 टक्के सवलत आहे.

कचऱ्याचा रकाना तर जिनिंगवाल्याने मिरवावा असा. क्विंटलभर कापसातून सुमारे 34 किलो रुई निघते. उरलेली सरकी तेलघाणीला जाते, तिची ढेप जनावरांना. पाणी जिनला फार लागत नाही. थोडे रुईच्या ओलाव्यासाठी, बाकी आगीच्या भीतीने भरून ठेवलेल्या टाक्यांसाठी. पण जिन शेगाव-संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात असेल तर पाणी किती यापेक्षा कुठून आणले हे लिहिणे जास्त प्रामाणिक ठरेल.

अवघड रकाने पुढे आहेत. बायांची हजेरी अनेकदा ठेकेदाराच्या वहीत असते, मालकाच्या नाही. तिथे मालकाने अंदाजाने आकडा टाकला की सगळा अहवालच संशयास्पद होतो.

आणि कापूस कुठला, हा प्रश्न तर गंजीपाशी येऊन अडतो. 170 किलोच्या एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. तो बाजार समितीतून येतो, शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधून येतो, आणि खेडा खरेदीवाल्याच्या मेटाडोरमधूनही येतो. या शेवटच्याने पाच गावांतून, कुणाकडून 40 किलो तर कुणाकडून दोन क्विंटल असा गोळा केलेला असतो. काट्यावर पावती फाटते ती त्याच्या नावाने. मग सगळा कापूस एकाच गंजीवर ओतला जातो आणि मोताळ्याचा कोणता, नांदुऱ्याचा कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही. सरकारच्या ‘कस्तुरी कॉटन’ योजनेत गाठीवर क्यूआर कोड लागतो; पण गाठीच्या मागे शेतापर्यंत पोहोचायचे तर गंज्या वेगळ्या लावाव्या लागतात. त्याला जागा लागते, हमाली वाढते, आणि ऐन आवकेत गाड्या फाटकाबाहेर खोळंबतात.

हा खर्च सोसायचा कोणी? प्रश्नावलीत एवढा एकच प्रश्न नसतो. गावनिहाय कापूस हवा असेल तर गाठीला चार पैसे जास्त मोजा, असे जिनिंगवाल्याने स्पष्ट म्हणावे. युरोपला निदान लहानांवरच्या या ओझ्याची जाण आली आहे. मोठ्या कंपन्यांनी लहानांना वाटेल ते विचारू नये म्हणून तिथे लहान उद्योगांसाठी ऐच्छिक नमुना तयार झाला, आणि जुलै 2025 मध्ये युरोपीय आयोगाने त्याची शिफारस केली. त्याच्या मूळ भागात 11 मुद्दे आहेत. दहा गिऱ्हाइकांच्या दहा प्रश्नावल्या भरण्यापेक्षा तसा एक कागद तयार ठेवून तोच सगळ्यांना पाठवणे परवडते.

आणखी एक गोष्ट जिनिंगवाल्यांच्या बैठकीत निघायला हवी. आकडे फक्त खालून वर जातात असे नाही. बीआरएसआरच्या गाभ्यात मोठ्या कंपनीला हेही लिहावे लागते की पुरवठादारांचे पैसे चुकते करायला तिला सरासरी किती दिवस लागतात. 2006 च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागते. कंपनीचा बीआरएसआर अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. तुमची गिरणी शेअर बाजारातल्या त्या हजार कंपन्यांत असेल तर तिची प्रश्नावली भरण्याआधी तिच्या अहवालातला तो आकडा पाहून घ्या, आणि 45 पेक्षा मोठा दिसला तर उत्तरासोबत आपल्या थकीत बिलांची यादी जोडा.