कुंपण छाटण्याआधी आत डोकावून बघा

ईस्टर तोंडावर आला की आपल्या बहुतेक मंडळ्यांत एकच गडबड सुरू होते. चर्चला रंग, बाकांना पॉलिश आणि आवारातल्या झाडाझुडपांची छाटणी. देवाचं घर नीटनेटकं दिसावं यात गैर काहीच नाही. अडचण आहे ती महिन्याची. फेब्रुवारी ते मे हाच आपल्या बेळगाव भागात बऱ्याच पक्ष्यांचा घरटी बांधायचा मोसम.

माझ्या परसात जास्वंदीचं कुंपण आहे. गेल्या मार्चमध्ये तिथं बुलबुलाच्या जोडीनं वाटीएवढं घरटं केलं, जमिनीपासून जेमतेम छातीइतक्या उंचीवर. अंडी तीन, गुलाबीसर, वर तांबूस ठिपके. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिलं घरटं सोडायला आणखी तितकेच; म्हणजे सगळा संसार महिन्याभरात आटोपतो. एरवी फळांवर ताव मारणारा हा पक्षी पिलांना मात्र किडे-अळ्या भरवतो. एका सकाळी तासाभरात मी सतरा फेऱ्या मोजल्या! माझ्या भाजीवरच्या अळ्या त्या वर्षी कुणी खाल्ल्या, हे वेगळं सांगायला नको.

छाटणीला आलेले मामा कोयता घेऊन उभे. म्हणाले, "एवढ्याशा घरट्यासाठी काम थांबवायचं काय वो बाई?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात या की मामा, काम तुमचंच आहे." शेजारच्या अक्कांनी तर भिंतीवर पाण्याचं मातीचं भांडंच आणून ठेवलं. तुळशीला पाणी घालताना त्या तेही भरतात.

पाखरांचा विषय निघाला की आपल्याला मत्तयाचा सहावा अध्याय आठवतो. दिलासा देणारा भाग आहे, म्हणून उपदेशातही वरचेवर येतो. अनुवाद 22:6-7 मात्र मी व्यासपीठावरून क्वचितच ऐकलाय. तिथं चक्क घरट्याबद्दल नियम आहे. वाटेत घरटं सापडलं आणि पक्षीण अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिलं घेतली तरी आईला धरायचं नाही, तिला जाऊ द्यायचं. माणसानं काही घेऊच नये असं नियमशास्त्र म्हणत नाही. पण घेण्याला हद्द घालतं. आणि हे पाळणाऱ्याला वचन कशाचं? कल्याणाचं आणि दीर्घायुष्याचं. त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आईबापांचा मान राखणाऱ्यालाही हेच वचन आहे. झुडपातल्या एका पाखराच्या आईला एवढा मान! आपण स्वतःला सृष्टीचे कारभारी म्हणवतो, पण कारभाऱ्याला मालकाचे बारीकसारीक हुकूमही ठाऊक हवेत ना?

आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना ते ठाऊक असावं असं मला नेहमी वाटतं. त्यांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता अनेकांना शाळेपासून आठवत असेल. जखमी पक्षीण आणि तिची पिलं, एवढाच तिचा विषय. ती वाचून डोळे पुसणारे आपणच मार्चमध्ये कुंपणावर कोयता चालवायला सांगतो.

आता मुद्द्याचं. आमच्या मंडळीत यंदा छाटणीच्याही पुढचा बेत आहे: मागचं मेंदीचं कुंपण काढून सगळ्या आवारात पेव्हर बसवायचे. कारणं खोटी नाहीत. लग्नाच्या दिवशी गाड्या लावायला जागा पुरत नाही, आणि बेळगावच्या पावसात चिखल किती होतो ते पांढरे कपडे घालून आलेल्यांना विचारा. पण चिमण्यांना अंग घोळायला माती लागते, पिलांना किडे लागतात, आणि पेव्हरखाली दोन्ही गाडली जातात. शिवाय पावसाचं पाणी मुरणार कुठं?

म्हणून माझी सूचना अशी. फाटकाकडच्या बाजूला पेव्हर जरूर घाला, मागची माती आणि मेंदी राहू द्या. मोठी छाटणी ईस्टरऐवजी नाताळच्या तयारीत, नोव्हेंबरात करा. तेव्हा घरटी कमी असतात, आणि साफसफाई आपण तेव्हाही करतोच. तरीसुद्धा कोयता लावण्याआधी फांद्या हातानं बाजूला करून बघायचं. वठलेली फांदी कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर ठेवावी. तांबट तिच्यातच बीळ कोरतो.

कमिटीची बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. येताना जरा मागच्या बाजूनं या. तिथल्या मेंदीत सध्या शिंपी पक्ष्याची ये-जा चालू आहे.