काळ्या मातीवरचं कोर्ट

काळ्या मातीच्या मुलखात राहणाऱ्याला या मातीची दोन रूपं माहीत असतात. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात, की हातातली काठी सहज आत जावी. जुलैत तीच माती फुगते आणि पायातली चप्पल धरून बसते. कापूस, तूर, ज्वारी पिकवणारी ही माती तिच्यावर काही बांधायला गेलं, की बांधणाऱ्याची परीक्षा पाहते. या परीक्षेत मी एकदा नापास झालो आहे. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांच्या कामावर गेली. निवृत्तीनंतर परभणीच्या घरामागच्या मोकळ्या जागेत बॅडमिंटनचं कोर्ट करायचं मनात आलं. नातवंडं आणि गल्लीतली मुलं रस्त्यावर खेळत, त्याची धास्ती वाटे. कोर्ट ४४ फूट बाय २० फूट. भोवतीची मोकळी जागा धरून ५२ बाय २६ फूट. काळी माती वाईट, ती काढून टाकू, असा सोपा विचार मी केला. दोन फूट खणलं, खड्ड्यात खडी आणि वाळू भरली, वर काँक्रीट टाकलं. मुलं उन्हाळाभर खेळली.

पावसाळा आला आणि दिवाळीपर्यंत कोर्ट लांबीला उभं चिरलं. एक कड दोन बोटं वर आली. तेही चाललं असतं. पण स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग गेली. ती पाहिली आणि माझी झोप उडाली.

चूक कुठे झाली? ही माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की ते दूर सरतात, माती फुगते; पाणी गेलं की आकसते. शिवाय तिची छिद्रं इतकी बारीक, की पाणी खाली उतरतच नाही. म्हणजे अशा मातीत खड्डा खणून खडी भरणं म्हणजे जमिनीत हौद बांधणं! वरचं पाणी खडीतून आत जातं आणि तिथेच तुंबतं. मग ते आठवडेच्या आठवडे तळाच्या आणि बाजूच्या मातीला पाजलं जातं. माती सगळीकडे सारखी फुगली असती, तर फारसं बिघडलं नसतं. पण कडेची माती आधी वाळते, मधली ओली राहते, आणि वरचं काँक्रीट या ओढाताणीत तुटतं. माझ्या हौदातलं पाणी घराच्या पायापर्यंतही पोचलं होतं.

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी एक उपाय सांगितला होता. अस्तर आणि काळी माती यांच्यामध्ये चिकट, पण न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायचा. असा थर मी कालव्यावर दिला होता. घरी मात्र विसरलो.

दुसऱ्या वेळी सुरुवात पाण्यापासून केली. फूटभर रुंद आणि तितकाच खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरला. ते जिरल्यावर पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशीही बरंच पाणी उरलेलं दिसलं, तेव्हा उत्तर मिळालं. मग गवंड्याच्या लेव्हलच्या नळीनं जागेची सर्वांत खालची बाजू शोधली. तिथून पाणी बाहेर कसं जाईल, हे आधी ठरवलं. पालिकेची परवानगी घेऊन ते रस्त्याकडच्या गटारात सोडलं. कोर्टाच्या चारही बाजूंनी भरावाच्या तळापेक्षा खोल चर काढला. त्यात जिओटेक्स्टाइल कापड, छिद्रांचा पाइप आणि खडी घातली आणि सगळ्याला उतार दिला. अशी पाण्याची वाट मिळणारच नसेल, तर खणू नका. कोर्ट जमिनीवर उचलून बांधा.

खोदाईची वेळही महत्त्वाची. भेगाळलेल्या मातीवर बांधलं तर ती पुढे फुगते, चिखलात बांधलं तर दबते. शेतकरी पेरणीसाठी वाफसा पाहतो, तसा मी पाहिला आणि दिवाळीनंतर काम सुरू केलं. वरची फूटभर माती मुळांसकट काढली. त्यावर चांगला चिकट मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकला. प्रत्येक थरावर बेताचं पाणी मारून रोलर फिरवला. एकूण दोन फूट भराव झाला, म्हणजे कोर्ट आजूबाजूपेक्षा फूटभर उंच आलं. वर प्लास्टिकचा कागद, मग जाळी घातलेलं चार इंच काँक्रीट. २६ फुटांच्या रुंदीत घराकडून बाहेरच्या बाजूला तीन इंच उतार ठेवला; खेळताना तो कळतही नाही. दर १० फुटांवर इंचभर खोल सांधे कापले, म्हणजे तडा जायचाच असेल तर तिथे जाईल. कोर्टाच्या कडेला झाडं आणि फुलांचे वाफे ठेवले नाहीत, कारण झाड पाणी ओढतं आणि वाफा पाणी पाजतो.

हा खर्च सगळ्यांनी करावा असं नाही. कबड्डी-खोखोसाठी काँक्रीट लागतच नाही. उंच केलेला मुरमाचा चौथरा, त्याला उतार आणि भोवती चर पुरे. दर वर्षी पावसाळ्यानंतर डागडुजी करायची. बांधकाम मोठं असेल, तर माती किती फुगते याची चाचणी आधी करून घ्यावी.

नवं कोर्ट झाल्यावर तीन पावसाळे गेले. एका सांध्यात केसाएवढी चीर आहे, बस्स. भिंतीतली भेग मी लगेच बुजवली नाही. तिच्यावर आडवी पातळ काच चिकटवली. भिंत हलली तर काच आधी फुटेल. रोज सकाळी चहा घेताना मी त्या काचेकडे पाहतो. अजून ती शाबूत आहे, आणि मागे मुलांचा दंगा चालू आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)