परकीय टेहळणी फुगे आणि शासनाचे कर्तव्य : एक विवेचन

प्रस्तावना : १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्रास आपल्या भूप्रदेशावरील हवाई क्षेत्रात पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे. त्यामुळे विनापरवाना शिरलेल्या परकीय फुग्यावर कारवाई करण्याचा शासनाचा अधिकार निर्विवाद आहे. तो केव्हा व कसा वापरावा, हा खरा प्रश्न होय.

विवेचन : पहिले कर्तव्य ओळख पटविण्याचे. नागपूरहून हवामान खाते नियमितपणे फुगे सोडते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडलेल्या फुग्यांची उपकरणेही हवाई छत्रीने महाराष्ट्रात उतरू शकतात. म्हणून ढाणकीसारख्या गावावरून जाणारा प्रत्येक फुगा शत्रूचा मानता येत नाही.

दुसरे कर्तव्य जीवितरक्षणाचे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २६ जानेवारी २०१६ रोजी, वायुदलाच्या सुखोई-३० विमानाने राजस्थानात एक अनोळखी फुगा पाडला. २०२३ मध्ये अमेरिकेने सुमारे ६०,००० फुटांवरील चिनी फुगा भूप्रदेशावर न पाडता ४ फेब्रुवारी रोजी समुद्रावर पाडला. त्यामुळे लोकवस्ती सुरक्षित राहिली व अवशेषही हाती आले. परंतु तोपर्यंत संवेदनशील तळांवरील माहिती जपावी लागली.

निष्कर्ष : ओळख, धोक्याचे मूल्यमापन, निर्जन स्थळी कारवाई, अवशेषांची तपासणी व राजनैतिक निषेध हा क्रम इष्ट ठरतो. अवशेषांना हात न लावण्याची सूचना जिल्हा प्रशासनाने गावोगावी वेळीच पोहोचवावी. अन्यथा फुग्यापेक्षा अफवाच अधिक घातक ठरतील.